देवगिरी पहिल्यांदा चढताना

वेरूळला निघालेली बरीच मंडळी वाटेत तासभर देवगिरीला थांबतात. चांदमिनारासमोर फोटो होतो, फार तर मेंढा तोफेपर्यंत चक्कर होते आणि गाडी पुढे निघते. मला दर वेळी हळहळ वाटते, कारण किल्ल्याचा खरा जीव मेंढा तोफेच्या पुढे सुरू होतो. पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाने हा किल्ला कुठून कसा बघावा, कुठे थांबावं आणि कुठे वेळ घालवू नये, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच मनाशी ठरवून घ्या. किल्ला चढताना तुम्ही शत्रूकडचे आहात असं समजा. प्रत्येक दरवाजात विचारा, इथे मला कोण, कुठून मारू शकेल? आणि त्याच वेळी दुसरा प्रश्न, आत कोंडलेले लोक काय पीत होते, काय खात होते? देवगिरीचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांत सापडतो. या किल्ल्याच्या माथ्यावर हल्ला चढवून तो जिंकता येणं जवळपास अशक्य होतं, तरी तो पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेला. का गेला, ते चालता चालता कळतं.

कधी जायचं, सोबत काय घ्यायचं

छत्रपती संभाजीनगरापासून किल्ला साधारण १५ किलोमीटरवर, वेरूळच्याच रस्त्याला आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणारी एसटी पकडा आणि दौलताबादला उतरा. सरकारी फलकांवर, तिकिटावर 'दौलताबाद'च लिहिलेलं असतं, गोंधळू नका.

पूर्ण किल्ला बघायला निवांत चार तास हातात ठेवा. वेरूळ आणि देवगिरी एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळता आला तर उत्तम. टाळता आलाच नाही, तर सकाळी आधी देवगिरी. दुपारी काळा कातळ तापतो आणि वरच्या टप्प्यात सावली फारच थोडी. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भर पावसात डोंगर हिरवागार दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एप्रिल-मे महिन्यात येणं भागच असेल, तर दरवाजा उघडायच्या वेळेलाच हजर राहा आणि ऊन चढायच्या आत वर पोहोचा.

माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी, पायात तळ पकडून ठेवणारे बूट आणि एक चांगली टॉर्च. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. एका ठिकाणी हात मोकळे लागतात आणि तिथे घाबरून मोबाईल खाली पाडणारे मी पाहिले आहेत. खाण्याचं सगळं सामान पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. गडावर माकडं भरपूर आहेत आणि हातातली प्लास्टिकची पिशवी ती सरळ हिसकावतात.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिकीट दारावरच मिळतं. वर जेवणाची काही सोय नाही, स्वच्छतागृह खालीच वापरून घ्या.

थोडा इतिहास, चढण्यापुरता

सगळी सनावळी पाठ करायची गरज नाही. मोजकी घराणी लक्षात ठेवली तरी किल्ला वाचता येतो.

पहिले यादव. पाचव्या भिल्लमाने इ.स. ११८७ च्या सुमारास चालुक्यांचं वर्चस्व झुगारून देवगिरीला राजधानी केली. सिंघण, महादेव, रामचंद्र ही पुढची नावं. मराठी माणसाला या जागेबद्दल आतडं तुटण्याइतकी माया वाटावी याचं कारण इथे आहे. मराठीला राजदरबारात जागा मिळाली ती याच राजवटीत. हेमाडपंत इथलेच प्रधान, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत राजा म्हणून ज्याचा उल्लेख आहे, तो इथला रामचंद्र यादव.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, कडा (प्रयागजवळ) इथला सुभेदार अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन देवगिरीवर अचानक येऊन थडकला. युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर होता. मागून दिल्लीच्या सुलतानाची मोठी फौज येते आहे, अशी हूल अलाउद्दीनने उठवून दिली. रामचंद्र किल्ल्यात शिरला आणि दरवाजे बंद झाले. पुढची हकिकत फारसी इतिहासकार फिरिश्त्याने नंतर लिहून ठेवली आहे. गडबडीत धान्याची म्हणून जी पोती वर चढवली होती, ती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघालं. शंकरदेव धावून आला, लढला, हरला, आणि उपाशी किल्ल्याला तह करावा लागला. पोत्यांची गोष्ट जशीच्या तशी खरी असो वा नसो, दगड अभेद्य असला तरी पोट अभेद्य नसतं, हे जुन्या लोकांनाही नेमकं दिसलं होतं.

१३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपाळदेव याच्या वधानंतर यादवांचं राज्य संपलं. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद. राजधानी फार काळ टिकली नाही, नाव मात्र चिकटलं. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा पहिला सुलतान याच ठिकाणी गादीवर बसला. १४९९ मध्ये किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला, १६३३ मध्ये मोगलांकडे, आणि त्यानंतर हैदराबादच्या निजामाकडे. मध्ये १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर काही काळ मराठ्यांकडेही होता.

एवढं पुरे. आता चाला.

पहिला टप्पा: तीन कोट आणि वाकडे दरवाजे

गाडीने येताना रस्ता एका जुन्या दरवाजातून जातो, तिथेच तुम्ही पहिल्या कोटात शिरलेले असता. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. हा अंबरकोट, सर्वांत बाहेरचा, पूर्वीचं सगळं शहर पोटात घेणारा. तिकीट काढून आत जाता तो महाकोट. आणि डोंगराच्या पायथ्याला बिलगलेला तिसरा तो कालाकोट.

महाकोटाच्या पहिल्या दरवाजापाशी घाई करू नका. दाराच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत. हत्तीने डोक्याने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते बसवत. आता आत या आणि पुढचा दरवाजा शोधा. तो समोर नाही. एक वळण घ्यावं लागतं, मग पुन्हा एक. दरवाजे एका रेषेत असते, तर हत्तीला धावून वेग घेता आला असता. इथे तो चौकातच अडकतो आणि चहूबाजूंच्या तटावरून त्याच्यावर मारा होतो. चौकाच्या मधोमध उभं राहून मान वर करा आणि स्वतःभोवती एक चक्कर घ्या. आपण विहिरीच्या तळाशी आहोत असं वाटेल.

याच भागात पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत आणि गडावर सापडलेल्या तोफा ओळीने मांडून ठेवल्या आहेत. लहान मुलं सोबत असतील तर ती इथे रमतात. तोफांवर त्यांना बसवून फोटो काढू नका, एवढी विनंती.

दुसरा टप्पा: पाणी, मंदिर, मिनार

दरवाजांच्या माळेतून बाहेर पडलात की उजव्या-डाव्या हाताला जुन्या शहराचे अवशेष दिसू लागतात. सरस्वती बावडी लोक न बघताच ओलांडून जातात. तिथे दोन मिनिटं थांबा. त्यापुढे हत्ती हौद आहे, आणि याच्या काठावर मी तुम्हाला चांगली दहा मिनिटं थांबायला सांगेन. हत्ती बुडेल एवढा म्हणून हत्ती हौद, असं म्हणतात. काठावर उभं राहिलं की नाव पटतं. तुघलकाच्या काळात दिल्लीहून आलेली माणसं, बहमनी आणि निजामशाही फौजा, त्यांची घोडी, उंट, हत्ती, या सगळ्यांची तहान भागवायची व्यवस्था कशी असेल, याचा अंदाज या रिकाम्या हौदाएवढा दुसरं काहीच देत नाही. आपला दुसरा प्रश्न लक्षात आहे ना? पाण्याचं उत्तर इथे मिळालं. धान्याचं अजून बाकी आहे.

हौदाला लागून भारतमातेचं मंदिर. आवार प्रशस्त आहे, खांबांची रांगच रांग. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ मध्ये इथे जामा मशीद उभारली. ती उभारताना जुन्या मंदिरांचे खांब वापरले गेले. जवळ जाऊन पाहिलंत तर त्यांवरचं यादवकालीन कोरीवकाम ओळखू येतं. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एका इमारतीत सातशे-आठशे वर्षांचे थर असे उघड्यावर दिसतात. चपला बाहेर काढा आणि सावलीत जरा टेका. पुढे अशी सावली मिळणार नाही.

समोरचा चांदमिनार पंधराव्या शतकाच्या मध्यात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने उभारला. आत शिरायला परवानगी नाही. बाहेरून बघितला तरी पुरतो. फोटोसाठी तो खालून पूर्ण मावत नाही. थोडं वर गेल्यावर मागे वळून काढलेला फोटो जास्त चांगला येतो.

तिसरा टप्पा: कालाकोट, चिनीमहाल, मेंढा तोफ

इथून चढ सुरू होतो. कालाकोटाच्या दरवाजातून आत गेल्यावर पडझड झालेले निजामशाही वाडे लागतात. पडक्या भिंतींवरची चुनेगच्ची नक्षी सावकाश बघा. याच किल्ल्यात १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवरावांना दरबारात बोलावून मुलांसह मारलं. जिजाऊंचे वडील आणि भाऊ इथे गेले. शिवजन्म व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते. वाड्यांच्या या शांत अवशेषांत मला दर वेळी तेच आठवतं, आणि पाय थोडे जड होतात.

चिनीमहालावर निळसर चिनी मातीच्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यावरून त्याचं नाव पडलं. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला इथे कैदेत ठेवलं, आणि त्याचा शेवटही इथेच झाला. कैद्यांसाठी हा किल्ला त्याच्याही आधीपासून प्रसिद्ध होता. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इथल्या अंधारकोठड्यांबद्दल लिहितो की तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असत.

चिनीमहालाजवळच्या गोल बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं शिर आहे म्हणून मेंढा. फारसी लेखात तिला किल्ला-शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, म्हटलं आहे आणि औरंगजेबाचं नाव आहे. मधोमध असलेल्या खुंट्यावर ती फिरत असे. पायाखालच्या वर्तुळाकार जागेकडे बघा, म्हणजे तोफेच्या तोंडापुढे कुठपर्यंतचा मुलूख येत होता ते लक्षात येईल. धातूची झळाळी इतक्या शतकांनंतरही गेलेली नाही.

गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी किंवा वयस्कर माणसांनी इथवर येऊन परतायला हरकत नाही. बाकीच्यांनी मात्र परतू नये.

चौथा टप्पा: खंदक आणि अंधेरी

इथे किल्ल्याची बुद्धी दिसते.

देवगिरीचा डोंगर खालून सुमारे २०० मीटर उंच. त्याचा खालचा भाग माणसांनी तासून काढला आहे, सुमारे दीडशे फुटांचा उभा, गुळगुळीत कडा होईपर्यंत. घोरपडीलाही पकड मिळू नये असा. त्याच्या पायाशी सगळ्या डोंगराभोवती कातळात खंदक खोदला आहे. ज्या मुलखात वेरूळची लेणी कोरली गेली, तिथल्याच लोकांनी ही करामत केली. डोंगरातून देऊळ काढता येतं तसा डोंगरातून किल्लाही काढता येतो. मला विचाराल तर देवगिरीला बांधलेला किल्ला म्हणण्यापेक्षा कोरलेला किल्ला म्हणावं.

खंदक ओलांडायला आता लोखंडी पूल आहे. त्यावरून जाताना खाली डोकावा, जुना पूल खालच्या पातळीला आहे. शत्रू आला की खंदकातलं पाणी वाढवायचं आणि पूल बुडवून टाकायचा, अशी योजना होती. म्हणजे वर जायला एकच वाट, आणि तीही हवी तेव्हा नाहीशी करता येणारी.

पूल ओलांडला की अंधेरी. डोंगराच्या पोटात कोरलेला, वळत वळत वर चढणारा भुयारी मार्ग. टॉर्च आता काढा. पण आत शिरल्यावर एखाद्या मोकळ्या जागी थांबून सोबतच्यांना सांगून ती अर्धा मिनिट विझवा. हातात तलवार घेऊन, पुढचा कोण मागचा कोण हे न कळता, या काळोखात शिरणाऱ्या सैनिकाचं काय होत असेल ते तुम्हाला त्या अर्ध्या मिनिटात कळेल. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या आहेत, त्यामुळे सरावाचं पाऊल चुकतं. काही ठिकाणी उजेडाची तिरीप दिसते. उजेडाकडे धावणारा माणूस पूर्वी थेट खाली खंदकात पडत असे. आता त्या जागा बंद केल्या आहेत. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर निखारे पेटवायचे आणि धूर भुयारात सोडायचा, ही शेवटची युक्ती. इथवर पोहोचलेला शत्रू गुदमरून खाली वळायचा, आणि खाली त्याचीच माणसं गर्दी करून उभी असायची.

आत वटवाघळं आहेत, उग्र वास येतो. ओरडू नका, शिट्ट्या मारू नका, ती तुमच्या वाटेला जात नाहीत. डोकं सांभाळा, एक हात भिंतीला ठेवा, मागच्या माणसाला पायरीची उंची सांगत चला. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांसाठी बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट आहे. त्यात कमीपणा काही नाही.

पाचवा टप्पा: माथा

अंधेरीतून बाहेर आलं की वारा लागतो आणि जीव हलका होतो. पण चढ संपलेला नसतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या दमवणाऱ्या आता लागतात. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे बसून पाणी प्या.

पुढे बारादरी. शहाजहान १६३६ मध्ये दौलताबादला आला होता, ही त्या मोगली काळातली इमारत. तिच्या झरोक्यात बसलं की खालचे तिन्ही कोट नकाशासारखे उलगडतात. आता तुम्ही बाजू बदला. इतका वेळ चढणारे होता, आता राखणारे व्हा. चांदमिनार केवढासा दिसतो, रस्त्यावरची गाडी किती आधीपासून दिसते, ते मोजून बघा.

१६३३ मध्ये इथून काय दिसलं असेल? खाली मोगल सरदार महाबतखानाचा वेढा. सुरुंगाने अंबरकोट फुटला, मग महाकोट फुटला. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर, त्याचा मुलगा फत्तेखान आत अडकलेला. विजापूरची फौज आणि शहाजीराजे बाहेरून रसद पोहोचवण्याचा प्रयत्न करत होते, ती आत शिरू शकली नाही. काही महिन्यांनी फत्तेखानाने किल्ल्याच्या चाव्या दिल्या आणि लहानग्या निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. अंधेरीत लढाई करायची वेळच आली नाही. धान्य संपलं होतं. रामचंद्र यादवानंतर जवळपास साडेतीनशे वर्षांनी तेच.

माथ्याजवळ जनार्दनस्वामींची गुहा आहे. निजामशाहीच्या काळात ते या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणहून आलेला कोवळा एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिला. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवून नाथांनी हिशेब जुळवला, ती गोष्ट या गडावरची. गुरू समाधीत असताना शत्रू चालून आला आणि नाथांनी गुरूंचा वेश चढवून तलवार घेतली, ती दंतकथाही इथलीच. इथे बाहेर चपला काढून थोडा वेळ शांत बसा. वर अगदी टोकाच्या बुरुजावर आणखी एक तोफ आहे, आणि चारी दिशा मोकळ्या.

उतरताना

उतरायला चढण्यापेक्षा कमी वेळ लागतो, पण पाय घसरतात ते इथेच. अंधेरीत उतरताना तोंड भिंतीकडे करून, आडवं पाऊल टाकत उतरा. बंद होण्याच्या वेळेच्या निदान तासभर आधी माथा सोडा. संध्याकाळी भुयारात एकटं उरणं कोणालाच सोसत नाही.

अंगात त्राण उरलं असेल तर पुढे खुलताबादला जा. तिथे मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने मोगलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं अडवून धरलं, तेही मुख्यतः त्यांची रसद तोडून. तो १६२६ मध्ये गेला आणि सातच वर्षांत त्याच्याच मुलाचा किल्ला रसदीवाचून पडला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलात, तर किल्ल्याबाहेर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. दौलताबादचं सीताफळ नावाजलेलं आहे. डोळे उघडलेलं, हाताला किंचित मऊ लागणारं निवडा आणि तिथेच तटाच्या सावलीत बसून खा. बिया पिशवीत घालून सोबत न्या.